गॅम्बल हाउस, पासाडेना : सांधे न लपवणारे घर

लॉस एंजेलिसला मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे येणाऱ्या मराठी पाहुण्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. युनिव्हर्सल स्टुडिओ, ग्रिफिथ वेधशाळा, सांता मोनिकाचा किनारा आणि वेळ उरलाच तर पासाडेनाजवळचे हंटिंग्टन ग्रंथालय व त्याच्या बागा. त्याच पासाडेना शहरात वेस्टमोरलंड प्लेस नावाच्या एका शांत रस्त्यावर चौथ्या क्रमांकाचे एक लाकडी घर आहे, आणि तिकडे पाहुण्यांना सहसा कोणी नेत नाही. चार्ल्स समनर ग्रीन आणि हेन्री मॅथर ग्रीन या वास्तुरचनाकार बंधूंनी १९०८ मध्ये आखलेले हे गॅम्बल हाउस. ज्यांना लाकूड, बांधकाम, फर्निचर आणि एकूणच हातकाम यांत रस आहे, त्यांनी इतर ठिकाणे वगळावी लागली तरी हे घर पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ‘अमेरिकन कोट्यधीशाचे घर’ म्हटल्यावर संगमरवरी खांब, सोनेरी मुलामा आणि झुंबरे अपेक्षित असतील, त्यांची मात्र येथे निराशा होईल.

घराची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण कंपनीचे एक संस्थापक जेम्स गॅम्बल. त्यांचे चिरंजीव डेव्हिड बेरी गॅम्बल कामातून निवृत्त झाल्यावर सिनसिनाटीची थंडी टाळण्यासाठी हिवाळ्यात पासाडेनाला येऊ लागले. त्या काळी देशाच्या पूर्वेकडील आणि मधल्या राज्यांतील अनेक धनिक कुटुंबे आगगाडीने असाच हिवाळी मुक्काम हलवीत, आणि पासाडेनातील मोठमोठी घरे त्यांच्यासाठीच उभी राहिली. डेव्हिड, त्यांच्या पत्नी मेरी, मुलगे आणि मेरी यांच्या भगिनी ज्युलिया हगिन्स यांच्यासाठी मार्च १९०८ मध्ये या घराचे काम सुरू झाले. काम चालू असताना यजमान चीन-जपानच्या प्रवासाला गेले होते. जानेवारी १९०९ पर्यंत घर उभे राहिले आणि फर्निचर त्यानंतर १९१० पर्यंत टप्प्याटप्प्याने आले. बांधकामाचे कंत्राट पीटर हॉल यांच्याकडे होते, फर्निचरचे काम त्यांचे बंधू जॉन हॉल यांच्याकडे, आणि रंगीत काचेचे काम एमिल लँगे यांच्याकडे. कारागिरांची ही नावे मुद्दाम दिली आहेत, कारण स्वीडनमध्ये जन्मलेले हे हॉल बंधू पासाडेनात नसते तर ग्रीन बंधूंच्या कागदावरच्या निम्म्या कल्पना कागदावरच राहिल्या असत्या, असे हे घर पाहताना पदोपदी वाटते.

हे घर आर्ट्स अँड क्राफ्ट्स या कलाचळवळीतले, आणि ही चळवळ मूळची इंग्लंडची. कारखान्यात यंत्रावर निघालेली स्वस्त, भरगच्च आणि निर्जीव नक्षी पाहून विटलेल्या कलासमीक्षक जॉन रस्किन, कवी व कारागीर विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी धरलेला आग्रह असा होता, की वस्तू कशाची आणि कशी केली आहे हे तिच्याकडे पाहून कळावे, आणि ती करणाऱ्याला कामात आनंद मिळावा. मॉरिससाठी वास्तुरचनाकार फिलिप वेब यांनी १८५९-६० मध्ये लंडनच्या बाहेर बांधलेले विटांचे रेड हाउस ही या घरांची पहिली पायरी मानली जाते. ही हवा अमेरिकेत पोहोचेपर्यंत शतक संपत आले होते. ग्रीन बंधूंची तयारी मात्र आधीच झाली होती. शाळकरी वयात सेंट लुईसच्या हस्तव्यवसाय शाळेत त्यांनी सुतारकाम आणि धातुकाम स्वतःच्या हाताने केले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि १८९३ मध्ये आईवडिलांकडे पासाडेनाला येताना शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभारलेली जपानी लाकडी वास्तू पाहिली. पुढे त्यांच्या कामावर जपानची छाप पडली ती पुस्तके, चित्रे आणि अशी प्रदर्शने यांतूनच, कारण दोघांपैकी एकही भाऊ कधी जपानला गेला नाही.

रस्त्यावरून पाहता घर उंचीपेक्षा रुंदीने डोळ्यांत भरते. तिन्ही मजल्यांवरची छपरे कमी उताराची, एकाआड एक पसरलेली आणि भिंतींच्या खूप पुढे आलेली आहेत. वळचणीखाली इतकी खोल सावली पडते की दुपारच्या लख्ख उन्हातही वरच्या मजल्याच्या खिडक्या काळसर दिसतात. भिंतींना बाहेरून रेडवुडच्या चिरलेल्या लांबट फळ्या आहेत. त्यांना रंगाचा थर दिलेला नसून हिरवट छटा लाकडात मुरवली आहे, त्यामुळे हिरवळ, झाडे आणि घर यांच्यात कोठेही झटका बसत नाही. मागच्या अंगणाच्या कठड्यात खंगर विटा वापरल्या आहेत, म्हणजे भट्टीत जास्त भाजून काळ्या, वेड्यावाकड्या झालेल्या आणि एरवी कोणताही गवंडी बाजूला टाकील अशा विटा. त्यांच्या जोडीला जवळच्याच आरोयो सेको या कोरड्या नदीपात्रातले गोटे आहेत. गोट्यांची भिंत जमिनीतून उगवल्यासारखी वर येते, मध्येच विटांना भेटते, आणि दोन्ही मिळून एका लहान तळ्याभोवती वळण घेतात. टाकाऊ विटेला घराच्या सर्वांत देखण्या जागी मान देणे हे या चळवळीच्या विचारात चपखल बसते.

तळमजल्याच्या लगेच वरच्या मजल्यावर तीन मोठ्या उघड्या पडव्या आहेत आणि त्या झोपण्यासाठी आहेत. क्षयाच्या भीतीने त्या काळी मोकळ्या हवेत झोपण्याचा प्रघात पडला होता. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे टाकणाऱ्या आपल्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही. परंतु अशी पडवी शयनगृहाला जोडून, तिच्यावर छप्पर काढून आणि घराच्या बाह्यरूपाचा प्रमुख भाग बनवून बांधणे ही खरी वास्तुरचना होय. घर टेकाडावर असून त्याची पाठ आरोयोकडे आहे. तिकडून येणारी गार हवा तळमजल्यावरून आरपार जाते, आणि तापलेली हवा जिन्याच्या वाटेने वर चढून सर्वांत वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून निघून जाते. हा वरचा मजला बिलियर्ड्सची खोली म्हणून आखला होता, तरी गॅम्बल कुटुंबाने तो अडगळीसाठीच वापरला. घराचे तापमान राखण्याचे त्याचे काम मात्र त्याने चोख केले.

आता पुढचे दार. एक रुंद झडप, तिच्या दोन बाजूंना दोन अरुंद झडपा आणि वर आडवा झरोका अशी सागवानी चौकट आहे, आणि या सगळ्यावर मिळून एकच झाड पसरले आहे. कॅलिफोर्नियात सर्वत्र दिसणाऱ्या ओक वृक्षाचे हे रंगीत काचेतले चित्र आहे. काचचित्रात तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या सामान्यतः सारख्या जाडीच्या असतात आणि चित्र त्या पट्ट्यांच्या जाळ्यात अडकल्यासारखे वाटते. येथे पट्टीची जाडी बदलत नेली आहे. खोडाजवळ ती रुंद आहे, फांदीवर निमुळती होते आणि डहाळीच्या टोकाशी रेघेइतकी उरते. त्यामुळे जोड हीच चित्राची रेघ झाली आहे. मध्ये दाराच्या चौकटी येतात, तेथे फांदी तुटत नाही. चौकटीच्या मागून जाऊन पलीकडे निघाल्याचा भास होतो. दार पूर्वेला आहे. सकाळच्या उन्हात आतल्या दिवाणखान्याच्या वाटेवर मधाच्या रंगाचा उजेड पडतो आणि दुपारनंतर तीच काच मलूल दिसते. म्हणून फेरीचे तिकीट काढताना सकाळची वेळ मिळाली तर ती सोडू नये.

दारातून आत आले की आपण सागवानाच्या पेटीत उभे असतो. भिंती, तुळया, जिना, आसने, सर्व काही बर्मा टीक. हे लाकूड मराठी माणसाला परके नाही, कारण ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे येणारा हाच साग मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींच्या जिन्यांत, दारांत आणि तुळयांत आहे. परंतु आपल्याकडे बहुधा तो पॉलिशच्या थरांखाली चकचकीत किंवा तैलरंगाखाली गडप झालेला असतो. येथे त्याचा पृष्ठभाग मंद, रेशमी, हाताने घासून आणलेला आहे. एकाही कोपऱ्याला धार नाही. तुळईची कड असो, दाराची चौकट असो की विजेच्या बटणामागची लाकडी पट्टी असो, प्रत्येक कड बोट फिरवावेसे वाटेल इतकी गोलसर केली आहे. हात लावण्याची अर्थातच परवानगी नाही, आणि या घरात तो नियम पाळणे खरोखर जड जाते.

जिन्यासाठी या घराला वेगळे गुण द्यायला हवेत. नेहमीच्या जिन्याचा कठडा पायऱ्यांच्या बाजूने तिरका चढतो. हा कठडा तिरका चढतच नाही. थोडा आडवा जातो, मग उभा उचलला जातो, पुन्हा आडवा जातो, आणि अशा टप्प्यांनी पायऱ्यांबरोबर वर पोहोचतो. म्हणजे प्रत्येक वळणावर आडवे आणि उभे लाकूड एकमेकांत गुंतवावे लागले. एका तुकड्याला कापलेली जीभ दुसऱ्याच्या खाचेत शिरते, तिचे टोक किंचित बाहेर डोकावते, ते टोकही गोल केलेले आहे, आणि सांधा हलू नये म्हणून आडवी खुंटी मारली आहे. खुंटीचे डोके लाकडाच्या पातळीपेक्षा अगदी थोडे वर ठेवले आहे, इतके थोडे की सरळ पाहताना ते दिसत नाही, बाजूने उजेड पडला की त्याची बारीक सावली दिसते. दोन लाकडे मिळतात तेथे सामान्य सुतार पुटीन भरून रेघ बुजवतो. येथे त्या रेघेवरच सर्व सजावट खर्च केली आहे. जिन्याला नक्षी जवळजवळ नाही, आणि तरी पाहणारा जागचा हलत नाही. पटाशी हाती धरलेल्या कोणत्याही माणसाला या कठड्याच्या एका वळणासाठी किती दिवस लागले असतील याचा हिशेब मनात सुरू करावासा वाटेल. याच दालनाच्या भिंतीवरील लाकडी फळ्यांत स्वयंपाकघराकडे जाणारे दार असे मिसळून टाकले आहे की सांगितल्याशिवाय ते दार आहे हे लक्षात येऊ नये. सांधे मिरवणाऱ्या घराने नोकरांची वाट मात्र लपवली, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

बैठकीच्या खोलीत एका बाजूला शेकोटीचा कोनाडा आहे. त्याच्यावर मोठी तुळई, दोन्ही बाजूंना समोरासमोर बाके आणि काचेची कपाटे अशी घरातल्या घरात एक लहानशी खोलीच केली आहे. छताखाली भिंतीवरून रेडवुडचा कोरीव पट्टा फिरतो आणि त्यात झाडे, पाने व पक्षी उठावाने काढले आहेत. कोरीव काम उथळ आहे, लाकडाचे रेषे चित्रात पाणी किंवा ढग म्हणून वापरून घेतले आहेत, आणि पहिल्या नजरेत ते लक्षातही येत नाही. दिवे चामड्याच्या पट्ट्यांनी छतापासून टांगले आहेत. पियानोची पेटी चार्ल्स यांनी खोलीला साजेशी आखली. गालिच्यांची चित्रे त्यांनी जलरंगात काढून दिली आणि गालिचे बोहेमियात विणून घेतले. गॅम्बल घराण्याच्या मुद्रेतील क्रौंच पक्षी आणि गुलाबाची वेल कोठे काचेत, कोठे लाकडात अधूनमधून डोकावते. चमच्यापासून छपरापर्यंत एकाच हाताचा ठसा ठेवायचा हा हट्ट काही जणांना गुदमरवणारा वाटेल. अशा खोलीत आपल्या आवडीची एक खुर्ची आणून ठेवण्याची सोय घरमालकाला राहत नाही, आणि ही तक्रार मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही.

जेवणाची खोली महोगनीची आहे. तेथील टेबल पाहताना खाली वाकावे. पाहुणे वाढले की वरची फळी लांबवता येते, पण खालचा आधार मध्यभागी आहे तेथेच राहतो, त्यामुळे टोकाला बसणाऱ्याच्या गुडघ्याला पाय लागत नाही. फर्निचरवर जागोजाग काळे चौकोनी ठिपके दिसतात. त्या आबनूस या काळ्या, कठीण लाकडाच्या खुंट्या आहेत आणि त्यांच्यामुळेच ग्रीन बंधूंचे फर्निचर लांबूनही ओळखू येते. आता येथे एक गंमत आहे. यांतल्या पुष्कळ खुंट्या सांधा धरून ठेवत नाहीत. त्यांच्याखाली स्क्रू आहेत, आणि खुंटी हे त्या स्क्रूचे झाकण आहे. सांगायचे तर, जे घर आपली रचना उघडी करून दाखवल्याबद्दल प्रसिद्ध आहे, ते येथे खरा जोड झाकून शोभेचा जोड दाखवते.

हे कळल्यावर ‘मग प्रामाणिकपणा कोठे राहिला?’ असा प्रश्न कोणीही विचारील. पण थोडे खोलात गेले तर दुसरी बाजू दिसते. लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. टेबलाच्या रुंद फळीच्या टोकाला आडवी पट्टी घट्ट चिकटवली तर काही ऋतूंनंतर फळी तडकते. म्हणून हॉल यांच्या कारखान्यात पट्टीतली भोके लांबट ठेवत. स्क्रू त्या भोकात सरकू शके आणि फळी मोकळेपणाने फुगू-आकसू शके. फळी आणि पट्टी यांच्यामध्ये दिसणारी आबनूसची चीप या हालचालीला वाट देते, आणि चौकोनी खुंटी लांबट भोकाला झाकते. अर्थात, तो काळा ठिपका सांधा नसला तरी सांधा नेमका कोठे आहे हे तो सांगतो. शंभर वर्षांहून जास्त काळ कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहून ही टेबले आणि कपाटे सरळ उभी आहेत, त्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे. तत्त्व म्हणून पाहिले तर येथे तडजोड आहे. सुतारकाम म्हणून पाहिले तर मला त्यात खोट काढता येत नाही.

शयनगृहांविषयी फार लिहीत नाही. मुख्य शयनगृहातील अक्रोडाचे फर्निचर आणि पाहुण्यांच्या खोलीतले मॅपलचे, चांदीच्या बारीक जडावाचे सामान सुंदर आहे, पण जिन्यानंतर ते थोडे नाजूकच वाटते. स्वयंपाकघर मात्र आवर्जून नीट पाहावे. पांढऱ्या चकचकीत टाइल्स, फिकट मॅपलचे लाकूड, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. ज्या खोलीत यजमान क्वचितच येणार आणि नोकर दिवसभर राबणार, तेथेही सांधे तितक्याच काळजीने केले आहेत, कडा तितक्याच गोल आहेत. माझ्या मते राहण्यासाठी सर्वांत प्रसन्न खोली हीच. बैठकीच्या आणि जेवणाच्या खोल्यांत खोल वळचण, गडद लाकूड आणि मंद दिवे यांचा मिळून असा अंधार होतो की बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला काही वेळ नुसते उभे राहावे लागते. या अंधाराला शांतता म्हणून गौरवण्याची पद्धत आहे. मला ती पुरती पटलेली नाही, कारण वाचायला बसायचे झाल्यास दिवसाही दिवा लावावा लागेल अशी बैठक मी घरमालक असतो तर मान्य केली नसती.

या घराचा दुसरा दोष खर्चाचा आहे, आणि तो एकट्या ग्रीन बंधूंचा नाही. कारागिराला प्रतिष्ठा आणि सामान्य माणसाच्या घरी सुंदर वस्तू, अशी या चळवळीची प्रतिज्ञा होती. प्रत्यक्षात हाताने घासलेला साग आणि महिनोन्महिने चालणारे काम परवडले ते साबणाच्या कारखानदाराला, म्हणजे ज्या यंत्रयुगाला ही चळवळ कंटाळली होती त्याच युगाच्या नफ्यातून. इंग्लंडमधील चळवळीचे एक अग्रणी सी. आर. ॲशबी १९०९ मध्ये पासाडेनाला आले, चार्ल्स ग्रीन यांना भेटले आणि त्यांचे काम पाहून प्रभावित झाले. त्यांनी स्वतः लंडनमध्ये स्थापलेली कारागिरांची संघटना नुकतीच आर्थिक अडचणीत सापडून बंद पडली होती. पासाडेनात ती अडचण धनिक यजमानांच्या थैलीने दूर केली होती, पण तीही किती काळ? अशी मोठी लाकडी घरे बांधून घेणारे यजमान काही वर्षांतच कमी झाले, स्पॅनिश धर्तीच्या गिलाव्याच्या घरांची आवड वाढली, चार्ल्स १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच कार्मेल गावी निघून गेले आणि १९२२ मध्ये दोघा भावांची पेढी संपुष्टात आली. वास्तुरचनाकारांच्या व्यावसायिक संस्थेकडून मानपत्र मिळाले तेव्हा १९५२ साल उजाडले होते आणि दोघेही ऐंशीच्या घरात होते.

बाहेरच्या लाकडाची किंमतही पुढे मोजावी लागली. छपराच्या कडेपलीकडे काढलेली वाशांची आणि तुळयांची टोके हे या घराचे सर्वांत जास्त छायाचित्रित होणारे वैशिष्ट्य. पण लाकडाचे आडवे कापलेले टोक पाणी सर्वांत लवकर पिते. जपानी सुतार अशा टोकांवर तांब्याची टोपी बसवतात किंवा ती रंगाने झाकतात, आणि आपल्याकडचे जुने सुतार वाशांची टोके वळचणीच्या फळीआड ठेवीत. ग्रीन बंधूंनी ती उघडी सोडली, कारण उघडी टोके सुंदर दिसतात. ऊन आणि पाऊस यांनी ती खाल्ली आणि २००४ मध्ये संपलेल्या मोठ्या जतनकार्यात घराच्या बाह्यांगाची दुरुस्ती करावी लागली. जुने लाकूड शक्य तेथे टिकवून काम केल्यामुळे नवे-जुने वेगळे ओळखू येत नाही, ही मोठीच गोष्ट म्हणायची.

हे घर आज पाहता येते याचे श्रेय वारसदारांनाही द्यायला हवे. डेव्हिड १९२३ मध्ये आणि मेरी १९२९ मध्ये वारल्या. ज्युलिया यांचे निधन १९४३ मध्ये झाले, आणि पुढे थोरले चिरंजीव सेसिल व त्यांच्या पत्नी येथे राहायला आले. त्यांनी घर विकायचा विचार केला होता. परंतु पाहायला आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या तोंडून हे सगळे लाकूड पांढऱ्या रंगाने रंगवण्याचा बेत ऐकला आणि त्यांनी विक्रीचा विचारच सोडून दिला, अशी हकिकत सांगतात. १९६६ मध्ये कुटुंबाने घर मूळ फर्निचरसह पासाडेना शहराला दिले आणि त्याच्या देखरेखीत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागाला सहभागी करून घेतले. त्या विभागाच्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी वर्षभर या घरात राहायचे, अशी एक छान प्रथाही तेव्हापासून पडली. १९७७ मध्ये घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दान म्हणजे काय झाले हे नीट कळायचे असेल तर याच शहरातील ग्रीन बंधूंच्या ब्लॅकर हाउसची कथा ऐकावी. १९८५ मध्ये ते घर घेणाऱ्या खरेदीदाराने त्यातले दिवे आणि काचा काढून विकल्या, शहरात संताप उसळला, आणि पुढच्या मालकांना ते घर मोठ्या कष्टाने पूर्ववत करून घ्यावे लागले. गॅम्बल हाउसमधला दिवा आजही त्याच छतापासून, त्याच चामड्याच्या पट्टीवर लोंबतो आहे. ग्रीन बंधूंची घरे इतरत्रही आहेत, पण घर, काच, दिवे आणि फर्निचर एकत्र, त्याच जागी, अशा रूपात पाहायचे तर हेच.

आता पाहण्याच्या व्यवस्थेविषयी. घर आपापले फिरून पाहता येत नाही. स्वयंसेवक मार्गदर्शकाबरोबर साधारण एक तासाची फेरी असते आणि तिची सुरुवात जुन्या गॅरेजमध्ये थाटलेल्या पुस्तकांच्या दुकानापासून होते. वार आणि वेळा बदलत असल्याने तिकीट संकेतस्थळावर आधी काढून ठेवणे श्रेयस्कर. टोकदार टाचांची पादत्राणे घालून जाऊ नये, कारण जमिनीही मूळच्याच लाकडाच्या आहेत. वरचा मजला पाहण्यासाठी तोच सुप्रसिद्ध जिना चढावा लागतो, त्याला पर्याय नाही. गुडघेदुखीचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी तळमजला पाहून समाधान मानावे, आणि सांगण्यास हरकत नाही की घरातील उत्तमांपैकी बहुतेक तळमजल्यावरच आहे. लहान मुलांना तासभर हात मागे बांधून फिरवणे हे पालकांच्या सहनशक्तीचे काम आहे. निवेदन अर्थातच इंग्रजीत असते. गॅम्बल कुटुंबाच्या कथा सर्वांना आवडतात आणि मार्गदर्शक त्या रंगवून सांगतात, पण ज्याला सांध्यांत रस आहे त्याने गटाच्या शेवटी राहावे, म्हणजे पुढची मंडळी पुढच्या खोलीत जाईपर्यंत दोन क्षण जास्त मिळतात. एक तास या घराला पुरत नाही. सुतारकाम आणि बारकावे यांवर भर देणारी विशेष फेरी अधूनमधून आयोजित होते. तिचे तिकीट महाग असले तरी लाकूडकाम करणाऱ्याने, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने किंवा नुसत्याच चिकित्सक माणसाने तीच घ्यावी.

पुस्तकांच्या दुकानात ग्रीन बंधूंवरील उत्तम पुस्तके मिळतात. भेटवस्तूंकडे दुर्लक्ष केले तरी चालेल, कारण या घराची काच किंवा खुंटी चहाच्या कपावर छापली की तिच्यातले काहीच उरत नाही.

फेरी संपल्यावर लगेच गाडीत बसू नये. घराभोवतीची बाग आणि बाहेरची बाजू निवांत पाहता येते, आणि फेरीत आत पाहिलेली खोली बाहेरून कोठे येते हे आता कळते. तेथून चालत गेल्यास आरोयो टेरेस या वळणदार रस्त्यावर ग्रीन बंधूंनीच बांधलेली इतर अनेक घरे आहेत आणि त्यांत चार्ल्स यांनी स्वतःसाठी बांधलेले घरही आहे. ती सर्व खासगी मालकीची असल्याने रस्त्यावरूनच पाहायची. ती साधी, लहान आणि काहीशी चाचपडत केलेली आहेत, आणि गॅम्बल हाउसपर्यंत हे दोघे कसे पोहोचले ते त्या रस्त्यावर पायी फिरताना जितके समजते तितके पुस्तकातून समजत नाही. पासाडेनात दुसरा दिवस मिळणार असेल तर हंटिंग्टनमधील ग्रीन बंधूंच्या फर्निचरचे कायमस्वरूपी दालन पाहावे. तेथे वस्तू उजेडात ठेवल्या आहेत, त्यामुळे गॅम्बल हाउसच्या अंधारात नजरेतून निसटलेले आबनूसचे ठिपके जवळून आणि हवा तितका वेळ पाहता येतात. मात्र क्रम उलटा करू नये. आधी घर, मग दालन.